मागच्या सीटवरचे बावन्न किलो

ही गोष्ट खरी आहे. कारण ती जिच्या बाबतीत घडली, ती बाई खोटं बोलत नाही. खोटं रचायला जो धीर लागतो, तोच तिच्याकडे नाही.

ती म्हणजे माझी सख्खी आत्या.

आत्या गाड्यांच्या वायरिंगची कामं करते. तीस वर्षं झाली. दोन गाड्या कशाबशा मावतील एवढं तिचं गॅरेज. पुढे लोखंडी शटर, मागे पांढरी भिंत, शेजारी टायरवाल्याचं दुकान. तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायम राग असतो. बाबा म्हणतात, "माझ्या बहिणीची बॅटरी कधी उतरत नाही, ती रागावरच चार्ज होते."

तिनं मला हे एकदाच सांगितलं. सांगताना ती घाबरलेली नव्हती.

संतापलेली होती.

अजूनही आहे.

हिवाळ्याचे दिवस होते. मंगळवार. दुपारचे चार वाजलेले. हो, दुपारचेच. पुढचं सगळं अंधार पडता पडता झालं, पण सुरुवात झाली ती भर उजेडात, बाहेर रस्त्यावर वाहनांची वर्दळ चालू असताना.

एक राखाडी गाडी तिच्याकडे तिसऱ्यांदा आली होती.

गाडी नवी, दोन वर्षांची. मालक चाळिशीतला, चष्मेवाला, इस्त्रीच्या शर्टाला एक सुरकुती नाही असा. तक्रार एकच. गाडीचे दिवे आपोआप खाली जातात. समोरचा चार पावलांचा रस्ता दिसतो, पुढे काळोख. विक्रीआधीच्या तपासणीत गाडी याच कारणानं नापास झाली होती. आणि त्याला ती विकायची होती. लवकरात लवकर.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मागे माणसं बसली, डिकीत सामान भरलं, की गाडीचं बूड खाली जातं आणि नाक वर होतं. मग दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. तसं होऊ नये म्हणून नव्या गाड्यांत मागच्या चाकापाशी एक छोटा सेन्सर असतो. बूड किती दबलं ते तो कळवतो, आणि दिव्यांमागची मोटर दिवे तेवढेच खाली वळवते. चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही.

या गाडीचा तो सेन्सर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं आधीच दोनदा बदलला होता. दुसऱ्या एका गॅरेजनं दिव्यांचा अख्खा कंट्रोलर बदलला होता. आत्याचं पहिल्याच दिवशी डोकं फिरलं. "बघायचं नाही, मोजायचं नाही, नुसते पार्ट बदलत सुटायचं! हे मेकॅनिक आहेत का दुकानदार?"

पहिल्या खेपेला तिनं सेन्सरचा कनेक्टर साफ केला. वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली. चारही टायरांत हवा सारखी केली, गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी केली आणि सेन्सरला नव्यानं शून्य शिकवलं. भिंतीवर निळी टेप लावून दिव्यांची उंची पाहिली. टेपच्या रेषेवर तंतोतंत.

दोन दिवसांनी गाडी परत आली.

दुसऱ्या खेपेला तिनं गाडी दोन दिवस ठेवून घेतली. दहादा चालू केली, दहादा बंद केली. स्वतः फेरी मारून आली. काही नाही. दिवे जागच्या जागी. चष्मेवाला आला, गाडी घेऊन गेला.

संध्याकाळी आत्याच्या गॅरेजच्या नावाखाली इंटरनेटवर एक तारा पडला. खाली एकच ओळ. "साधा दिवा दुरुस्त करता येत नाही."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं त्याला फोन लावला. "उद्या चारला गाडी घेऊन या. आणि या खेपेला सोडून जायचं नाही. काम होईपर्यंत इथंच, माझ्यासमोर बसायचं."

तो आधी नको म्हणाला. मग काय वाटलं कोण जाणे, आला.

आत्यानं शटर खाली ओढलं. आत अंधार झाला. गाडीचं तोंड भिंतीकडे. सेन्सरचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावला, दिवे लावले. भिंतीवर दोन पांढरे चौकोन उमटले. टेपच्या रेषेवर, नेमके.

स्कॅनरवर आकडा होता शून्य. म्हणजे बूड जराही दबलेलं नाही.

"बघा," आत्या म्हणाली. "आहे का काही?"

चष्मेवाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. "मी चालवतो तेव्हा होतं ते, मॅडम."

"मग बसा स्टिअरिंगवर."

तो उठेना.

"अहो, बसा म्हणतेय ना! नुसतं बसायचंय. का त्यालाही वेगळं आमंत्रण देऊ?"

तो उठला. पुढचं दार उघडून बसला. दार लावून घेतलं.

एक क्षण काहीच झालं नाही.

मग... मागच्या बाजूनं आवाज आला.

कुईं...

स्प्रिंगचा. गाडीत कुणी बसलं की येतो ना, तसा.

आणि भिंतीवरचे दोन्ही चौकोन हळूहळू खाली सरकले. टेपच्या वीतभर खाली येऊन थांबले.

टिंग... टिंग... टिंग...

डॅशबोर्डवर लाल खूण लुकलुकत होती. मागच्या डाव्या सीटवरच्या माणसानं बेल्ट लावलेला नाही.

मागच्या डाव्या सीटवर कुणीच नव्हतं.

आत्याला भीती वाटली नाही. तिला वाटलं, सापडलं! सीटखाली कुठंतरी वायर दबतेय, हा बसला की टेकतेय. "उतरा," ती म्हणाली. तो उतरला. चौकोन वर. "बसा." चौकोन खाली. चारदा केलं. चारही वेळा तेच.

तिनं शेजारून टायरवाल्याला हाक मारली. टायरवाला म्हणजे नव्वद किलोचा गडी. शटरखालून वाकून आत येताना नेहमीसारखी गंमत करत आला. "काय ताई, आज माझी बॅटरी तपासणार का?"

"गप बस, आणि स्टिअरिंगवर बस."

टायरवाला बसला. पुढची सीट करकरली.

भिंतीवरचे चौकोन हलले नाहीत.

टायरवाला उतरला, चष्मेवाला बसला.

कुईं... आणि चौकोन खाली.

"ही कसली गाडी ताई," टायरवाला हसला, "हिला माणूस ओळखता येतो?"

आत्या हसली नाही. तिनं मोजपट्टी घेतली, मागच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजलं. त्याला उतरवून पुन्हा मोजलं. फरक अठरा मिलिमीटर.

स्कॅनरवरही आकडा होता अठरा.

आता मात्र ती चरकली. सेन्सर बिघडला असता तर स्कॅनर एक बोलला असता आणि मोजपट्टी दुसरं. इथे दोन्ही एकच सांगत होते.

गाडी खरोखरच खाली बसत होती.

तिनं त्याला पुन्हा बसवलं आणि टॉर्च घेऊन मागच्या डाव्या काचेपाशी गेली. आत उजेड मारला.

सीट रिकामी होती.

पण सीटच्या कापडावरच्या उभ्या रेघा... मध्ये वाकल्या होत्या. गादीला खोलगट खड्डा पडला होता. पाठीलाही. वर, डोकं टेकतं तिथंसुद्धा.

आत्या म्हणते, त्या घटकेला शहाणं माणूस शटर उघडून बाहेर पळालं असतं. "पण मला इतका राग आला होता ना! आठवडाभर तो माणूस माझी अक्कल काढत होता. मला उत्तर पाहिजे होतं. मग ते कसलंही असो."

तिनं चष्मेवाल्याला खाली उतरवून खुर्चीवर बसवलं. टायरवाल्याला स्टिअरिंगवर. मग मागचं डावं दार उघडून सीटवर एक जुनी बॅटरी ठेवली. स्कॅनरवर आकडा सहा. दुसरी ठेवली. बारा. तिसरी. सोळा. वर हत्यारांची पेटी.

अठरा.

भिंतीवरचे चौकोन अगदी त्याच जागी आले, वीतभर खाली.

ते सगळं सामान तिनं टायरवाल्याच्या भंगाराच्या काट्यावर नेऊन तोललं.

बावन्न किलो.

ती परत आली तेव्हा चष्मेवाला उभा होता. कपाळावर घाम. हिवाळ्यात.

"राहू द्या मॅडम. मी अशीच विकतो गाडी. किल्ली द्या."

आत्यानं किल्ली खिशात टाकली.

"एक सांगा साहेब. तुमच्या गाडीत मागे, डाव्या बाजूला, बावन्न किलोचं कोण बसतं हो?"

खरं तर तिनं डिवचायला विचारलं होतं. उत्तराची तिला अपेक्षाच नव्हती.

"मी नाही बसवलं तिला," तो म्हणाला. "ती स्वतःच चढली."





टायरवाल्यानं हळूच विचारलं, "कोण चढली?"

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आपण काय बोलून गेलो हे त्याला उशिरा कळलं. मग तो मटकन खुर्चीत बसला आणि सगळं बाहेर पडलं. विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी घरी जाताना गल्लीतून मोठ्या रस्त्याला वळत होता. एक हात स्टिअरिंगवर, एका हातात फोन. कडेनं एक बाई चालली होती. धक्का बसला. बाई पडली. मग उठली. डावा पाय ओढत होती, पण उठली. तो म्हणाला, बसा, दवाखान्यात नेतो. ती स्वतः चालत आली, मागे डाव्या बाजूला बसली.

"बोलत होती हो," तो म्हणाला. "चांगली बोलत होती. सारखी विचारत होती, अजून किती लांब."

"मग?" आत्यानं विचारलं.

"हॉस्पिटलच्या फाटकाशी पोलिसांची गाडी होती. म्हटलं, एक चक्कर मारून येऊ. तोपर्यंत जाईल."

"मग?"

"दुसऱ्यांदाही होती. म्हटलं, अजून एक चक्कर..."

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला.

"तिसऱ्या चकरेला ती काही विचारत नव्हती. डोकं काचेला टेकलेलं होतं."

"श्वास चालू होता?"

"मी... मागे बघितलं नाही."

गावाबाहेरच्या रस्त्यावर एक बसथांबा आहे. तिथल्या बाकावर त्यानं तिला बसवलं. पदर नीट केला, म्हणाला. आणि घरी गेला. जेवला. झोपला. दुसऱ्या दिवशी गाडी धुऊन घेतली.

त्याच आठवड्यात दिवे खाली जायला लागले.

आत्या ओरडते तेव्हा कुणी फारसं मनावर घेत नाही. ती आवाज खाली आणते तेव्हा घाबरायचं असतं. हे आमच्या घरात लहान मुलालाही ठाऊक आहे.

तिनं आवाज खाली आणला.

"मागे बसा."

"कुठे?"

"मागे. उजव्या बाजूला. तिच्या शेजारी."

"मॅडम, मी पाया पडतो..."

"माझ्या नका पडू."

टायरवाला म्हणाला, "ताई, पोलिसांना फोन करू या. आपण कशाला यात पडायचं?"

"कर ना फोन. हॉस्पिटलच्या फाटकाशी यायला सांग त्यांना. पण आधी ती बाई हॉस्पिटलला जाणार. आठ महिने बसून आहे ती!"

टायरवाल्यानं चष्मेवाल्याचा दंड धरला आणि त्याला मागे बसवलं. दंड धरायला त्याला फार जोर लावावा लागला नाही. माणूस गळून गेला होता.

आत्या स्टिअरिंगवर बसली. स्कॅनर शेजारच्या सीटवर ठेवला. चष्मेवाल्याच्या वजनानं आकडा सत्तावीसवर गेला होता.

दार लागलं.

कुईं...

सत्तावीस. तेहतीस. चाळीस.

पंचेचाळीस.

टिंग... टिंग... टिंग...

टायरवाल्यानं शटर वर केलं. बाहेर अंधार पडला होता. साडेसहा वाजले असतील.

रस्ता दिसतच नव्हता. दिवे इतके खाली, की पुढच्या चाकांसमोर सतरंजीएवढा उजेड आणि त्यापलीकडे काळं. आत्या अंदाजानं गाडी चालवत होती आणि तोंडानं चष्मेवाल्याचा उद्धार चालू होता. "पोलिसांची भीती वाटली तुम्हाला! अहो, पोलीस काय करणार होते? चार प्रश्न विचारले असते. तुम्ही तर तिला दार दाखवून परत फिरवलंत. तीनदा!"



तिनं आरशात पाहिलं. चष्मेवाला उजव्या दाराला चिकटून बसला होता. डावी बाजू रिकामी.

फक्त डाव्या काचेवर... आतून... वाफ धरली होती. थाळीएवढा गोल डाग. डोकं टेकल्यावर जिथं श्वास लागेल, तिथं.

डाग लहान होत होता. मोठा होत होता.

लहान. मोठा.

चष्मेवाल्याचा डावा हात सीटवर पडला होता. तळवा वर.

"गार आहे," तो पुटपुटला. "मॅडम, हात फार गार आहे."

"धरून ठेवा," आत्या म्हणाली.

पुढचा सिग्नल लागला. लाल. आत्याचं लक्ष आकड्यांकडे. पंचेचाळीस, स्थिर. मागं कुणाची गाडी हॉर्न वाजवत होती.

"आलंच हो," आत्या म्हणाली. "हा सिग्नल सुटला की उजवीकडे. दोन मिनिटं."

आणि मग तिच्या लक्षात आलं...

तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

चष्मेवाल्याची तर दातखीळ बसली होती. गाडीत आवाज नव्हता. पण कुणीतरी विचारलं, आणि तिनं उत्तर दिलं, एवढं तिला पक्कं आठवतंय. आवाज कसा होता, ते काही केल्या आठवत नाही.

हॉस्पिटलच्या फाटकाशी आजही पोलिसांची गाडी उभी होती. चष्मेवाला पुढे वाकला. "मॅडम, दुसऱ्या हॉस्पिटलला जाऊ या. प्लीज. इथे नको."

आत्यानं गाडी आत घातली.

कॅज्युअल्टीच्या दारासमोर थांबली. समोरच्या भिंतीच्या पार तळाशी दिव्यांचे दोन चौकोन. तिनं हँडब्रेक ओढला.

"उतरा ताई," ती मागे न बघता म्हणाली. "आलं हॉस्पिटल."

पंचेचाळीस.

काहीच झालं नाही.

"उतरा. मी आहे बरोबर."

पंचेचाळीस.

आणि मग... मागच्या डाव्या दारातून आवाज आला.

टक्.

आतून हँडल ओढल्याचा. दार उघडलं नाही.

टक्. टक्.

चष्मेवाल्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. "बटण," तो म्हणाला. "बटण आहे."

आत्यानं शेजारी पाहिलं. ड्रायव्हरच्या दारावर मागची दारं आतून उघडू नयेत म्हणून बटण असतं. लहान मुलांसाठी. ते दाबलेलं होतं. त्यावर बारीक पिवळा दिवा.

"हे कधी दाबलंत?"

त्यानं कानांवरचे हात काढले नाहीत.

"कधी दाबलंत हे?"

"दुसऱ्या चकरेला," तो म्हणाला. "ती... दार उघडायला लागली होती."

टक्. टक्. टक्. टक्.

आत्या म्हणते, त्या वेळी तिच्या हातात पाना असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. तिनं बटण सोडवलं. खाली उतरली. गाडीला वळसा घालून मागच्या डाव्या दारापाशी गेली आणि दार स्वतः उघडलं. पूर्ण. आणि धरून उभी राहिली. घरातलं वयस्कर माणूस उतरताना आपण धरतो ना, तशी.

तिच्या मनगटावर काहीतरी टेकलं.

गार. जड. आधार घेतल्यासारखं.

मग सुटलं.

कुईं...

समोरच्या भिंतीवर दोन चौकोन वर चढायला लागले. हळूहळू. वीतभर चढून थांबले.

स्कॅनरवर सत्तावीस.

गाडीत फक्त चष्मेवाला होता. तो रडत होता.

आत्या कॅज्युअल्टीच्या दाराकडे गेली. का गेली, ते तिलाही सांगता येत नाही. काउंटरवरच्या बाईनं मान वर केली आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

"त्या पेशंटबरोबर तुम्हीच ना?"

"कुठल्या?"

"आत्ता आत गेल्या त्या. पाय ओढत होत्या. बसा म्हटलं तर म्हणाल्या, माझ्याबरोबरच्या बाई गाडीपाशी आहेत, त्या लिहून देतील." तिनं पेन ठेवलं. "नाव सांगा."

आत्यानं आतल्या पडद्यांकडे पाहिलं.

"अहो, पेशंटचं नाव?"

आत्या तशीच मागे फिरली. गाडीचं उजवं दार उघडून चष्मेवाल्याची कॉलर धरली. "नाव काय तिचं?"

"माहीत नाही."

"तीन चकरा मारल्यात तिला घेऊन! नाव नाही विचारलंत?"

"नाही विचारलं."

आत्यानं त्याला कानाखाली दिली. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकाला. तिला त्याचा पस्तावा नाही.

ती परत काउंटरवर गेली. नावाची जागा रिकामी. वयाची जागा रिकामी. पत्त्याची जागा रिकामी. फक्त खाली, बरोबर आलेल्या व्यक्तीचा फोन नंबर, या ओळीवर तिनं स्वतःचा नंबर लिहिला.

आत पडद्यामागे एक नर्स वैतागून उभी होती. ट्रेमध्ये ड्रेसिंगचं सामान उघडलेलं. समोर पलंग रिकामा.

"आत्ता इथं होत्या," नर्स म्हणाली. "मी कापूस घ्यायला वळले फक्त."

पलंगावरच्या चादरीला खड्डा होता. तो मात्र आत्या बघत असेपर्यंत भरून आला नाही.

तोवर टायरवाल्यानं बोलावलेले पोलीस आले होते. चष्मेवाल्यानं सगळं कबूल केलं, सही केली. हवालदारानं ती तारीख काढली, मागचापुढचा महिनाही काढला. त्या बसथांब्यावर कुणी सापडल्याची नोंद नव्हती. जिवंत नाही, मेलेलं नाही. पायाला मार लागलेली कुणी बाई बेपत्ता असल्याची एकही तक्रार नव्हती.

"मृतदेह नाही, तक्रार नाही, नाव नाही," हवालदार म्हणाला. "मी लिहू काय, बाई?"

"बावन्न किलो लिहा," आत्या म्हणाली. "तेवढं तर मी मोजलंय."

त्यानं नाही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला घरी गेला. त्यानंतर त्याचा फोन बंद आहे. गाडी न्यायला तो आलाच नाही. ती आत्याच्या गॅरेजमध्ये उभी आहे. दिवे उत्तम आहेत. टेपच्या रेषेवर.

आत्याला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, ठाऊक आहे? चष्मेवाल्याचा नाही. "एक बाई संध्याकाळी घरी गेली नाही," ती म्हणते, "आणि कुणाच्या घरी ताट वाढून कुणी वाट बघितली नाही? कुणी विचारलं नाही, ही कुठंय? एकानंही नाही?"

हे सांगताना तिचा आवाज खाली येतो.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

पण गेल्या गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, आत्याचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून. कॅज्युअल्टीतून बोलतोय, म्हणाले.

"तुमच्या पेशंटला न्यायला कधी येताय?"

"कुठला पेशंट?" आत्यानं विचारलं.

"नाव लिहिलेलं नाही. पण नंबर तुमचाच आहे. त्यांना आता बरं वाटतंय. केव्हाच्या आवरून बसल्यात."

आत्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"त्या म्हणतायत, तुमच्याकडे गाडी आहे."

फोन ठेवल्यावर आत्यानं त्याच नंबरला उलट फोन केला. काउंटरवरची बाई म्हणाली, इथून तुम्हाला कुणीही फोन केलेला नाही.

मी आत्याला म्हटलं, झालं तर मग, सोडून दे. कुणीतरी चेष्टा केली असेल.

ती माझ्यावर भडकली. "म्हणजे मीसुद्धा तिला ताटकळत ठेवू? मग त्याच्यात नि माझ्यात फरक काय?"

काल रात्री जेवणं झाल्यावर तिचा मला फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाली, रविवारी गाडी काढतेय. तिला आणायला जातेय. आणून कुठं सोडायचं ते तिलाच विचारीन. तिला बोलायला शेजारी कुणीतरी असावं असं वाटतं. तू येशील का? मागे बसशील?

उद्या रविवार आहे.

मी अजून हो म्हटलेलं नाही.